टाकळा
(तरोटा, हिं. चकवड, पवाड, गु. कुवाडियो, क. तगचे; सं. चक्रमर्द, प्रपुन्नाट, दद्रुघ्न, इं. फीटिड कॅसिया, लॅ. सेन्ना टोरा, कुल—लेग्युमिनोजी). पावसाळ्यात उगवणारी ही वर्षायू ओषधी भारताच्या उष्ण भागांत सर्वत्र तणासारखी वाढते. कोकणात व विदर्भात ती विपुल आहे. सोलापूरसारख्या कमी पावसाच्या जिल्ह्यातही रस्त्याच्या कडेला, ओढ्याकाठी व पडीक जागी आढळते. लिनीअस यांनी १७५३ मध्ये तिचा समावेश कॅसिया प्रजातीत केला होता. आता ती सेन्ना प्रजातीत घालतात.

उंची ३० ते ९० सेंमी. पाने एकाआड एक, संयुक्त व पिसासारखी असून दलांच्या बहुधा तीन जोड्या असतात. दले टोकाशी बोथट व रुंद असून रात्री मिटतात. खालच्या जोड्यांच्या दलांमध्ये बारीक प्रपिंड (ग्रंथी) असतात. पाने चुरडल्यास उग्र वास येतो. फुले पिवळी, पानांच्या बगलेत बहुधा जोडीने, पावसाळ्याच्या उत्तरार्धात येतात. शेंग बारीक, लांब, काहीशी चौधारी व कोयत्यासारखी वाकलेली असते. बिया चकचकीत, तपकिरी व शंकरपाळ्याच्या आकाराच्या असतात.

फुले येण्यापूर्वी कोवळ्या पानांची भाजी करतात. पाने उकडून पाणी टाकून दिल्यास उग्रपणा कमी होतो; मग कांदा, भिजवलेली डाळ व ओले खोबरे घालून ती परततात. घरातील धान्य संपत आलेले आणि नवे पीक शेतातच उभे, अशा दिवसांत या फुकट मिळणाऱ्या भाजीचा गरिबांना मोठा आधार असतो. बिया भाजून, दळून कॉफीऐवजी वापरतात. बियांच्या पुष्कात (गर्भाभोवतीच्या अन्नसाठ्यात) गॅलॅक्टोमॅनन हे बहुशर्करायुक्त द्रव्य असते; त्यापासून काढलेला डिंक खाद्यपदार्थ दाट करण्यास वापरतात. बियांतील अँथ्रॅक्विनोन संयुगे रेचक असल्याने ती शुद्धीकरणात काढून टाकावी लागतात. पाने व बिया गजकर्णावर लावण्याची प्रथा जुनी असून चक्रमर्द व दद्रुघ्न ही नावे तिचीच निदर्शक आहेत.

याच प्रजातीतील रानटाकळा (सेन्ना ऑक्सिडेंटॅलिस) त्याच पडीक जागी उगवतो. त्याच्या बिया मात्र विषारी आहेत. उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात दरवर्षी लहान मुलांना होणारा एक घातक आजार पुष्कळ काळ विषाणुजन्य मेंदूज्वर समजला जाई. यकृत, स्नायू व मेंदू यांना इजा करणारा हा आजार रानटाकळ्याच्या बिया खाल्ल्याने होतो, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले. २०१६ मध्ये ओडिशातील मलकानगिरी जिल्ह्यात जपानी मेंदूज्वराच्या साथीच्या काळात झालेल्या बालमृत्यूंच्या चौकशीतही याच वनस्पतीचे नाव पुढे आले. उपाशी मूल हाताशी येणाऱ्या हिरव्या शेंगा खाते, हे या विषबाधेचे मूळ आहे.

दोन्ही वनस्पती ओळखणे अवघड नाही. रानटाकळ्याच्या दलांच्या बहुधा चार ते सहा जोड्या असून दले टोकदार असतात व प्रपिंड देठाच्या तळाशी असतो. त्याची शेंग चपटी व रुंद आणि बी चपटे व निस्तेज असते. भाजी खुडताना दलांची टोके व प्रपिंडाची जागा पाहावी. रानटाकळा वस्तीजवळ वाढल्यास शेंगा धरण्यापूर्वीच तो उपटून टाकणे हितावह ठरते.