नांदूर मध्यमेश्वर: पाणी सिंचनाचं, पक्षी कोणाचे?

निफाडचा पारा घसरला की राज्यभर बातमी होते. त्याच कडाक्याच्या दिवसांत याच तालुक्यात, गोदावरी-कादवा संगमापाशी, हजारो पक्षी उतरलेले असतात. त्यांची खबर नाशिकच्या पलीकडे फारशी जात नाही.

इतिहास नाशिककरांना पाठ आहे. ब्रिटिश अमदानीत इथे बंधारा झाला, कोपरगाव-राहात्याकडे कालवे निघाले. पुराबरोबर आलेला गाळ बंधाऱ्यामागे साचला, त्याची बेटं झाली, बेटांवर पाणवनस्पती माजल्या आणि कोणी न ठरवता पक्ष्यांना हवी तशी उथळ पाणथळ तयार झाली. 1986 मध्ये अभयारण्य जाहीर झालं. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत 2020 मध्ये जाहीर झालेलं महाराष्ट्रातलं हे पहिलं ठिकाण. जीवजातींची नोंद 536.

 

चापडगावच्या पक्षिनिरीक्षण मनोऱ्याकडे आम्हाला नेणारा गाइड तिशीतला, जवळच्याच गावचा. वडील याच पाण्यात जाळं टाकायचे. दुर्बिणीला डोळा लावण्याआधीच तो पक्षी ओळखतो. "भाऊ, ते डावीकडचं काळं सगळं वारकरी. मधे पांढरं दिसतंय ना, ते चमचे." मग तो गप्प राहतो आणि आपल्याला बघू देतो. चमच्यांची रांग चोच पाण्यात डावी-उजवी फिरवत एका लयीत पुढे सरकते. लव्हाळ्यातून जांभळी पाणकोंबडी लांब बोटं टाकत बाहेर येते. एवढ्यात वर शिकारी पक्ष्याची सावली फिरली आणि विखुरलेले वारकरी क्षणात एकमेकांना चिकटून गोळा झाले. "एकटा सापडला तर गेला," तो म्हणाला. पुस्तकातून आलेलं हे ज्ञान नव्हे, वर्षानुवर्षं बघून आलेलं आहे.

त्याची कमाई मात्र येणाऱ्या पर्यटकांवर. हंगाम सरला की तो द्राक्षबागेत मजुरीला जातो. त्याच्यासारख्या माणसाला बारा महिने पगारावर का ठेवता येऊ नये, हे मला कळत नाही. पक्ष्यांची गणना, जाळ्यांवर नजर, शाळांच्या सहली, काम तर वर्षभर आहे.

अडचण मुळाशी आहे. पक्षी वनखात्याचे, पाणी सिंचनाचं. कालव्याला आवर्तन सुटलं की पातळी उतरते, वरच्या धरणांतून पाणी सोडलं की चढते. चिखलात चोच खुपसून पोट भरणाऱ्या पक्ष्यांचं खाद्य मग रातोरात पाण्याखाली जातं. ज्या गाळाने ही पाणथळ घडवली तोच आता तिला भरून टाकतोय. सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी वेगळीच. सरसकट पोकलेन लावून गाळ उपसला तर बेटंही जातील. कुठला काढायचा, कुठला ठेवायचा, हे अभ्यासून ठरवावं लागेल आणि त्याला दरवर्षी हक्काचा पैसा लागेल. रामसरचा शिक्का पैसा घेऊन येत नाही. केंद्राची पाणथळींसाठीची योजना 60 टक्के वाटा देते, उरलेल्या 40 टक्क्यांची तयारी राज्याने दाखवायला हवी. पाण्याची किमान पातळीही सिंचन आणि वन या दोन खात्यांनी बसून लेखी ठरवावी. त्यात शेतकऱ्याच्या आवर्तनाला धक्का लागू नये, कारण त्याच्या संमतीवाचून इथलं काहीच टिकणार नाही.

नाशिकला 2027 च्या सिंहस्थाची तयारी चालू आहे, गोदावरीच्या स्वच्छतेवर मोठा खर्च होणार आहे. घाटावरून पुढे गेलेलं पाणी इथेच येऊन थांबतं. त्या खर्चाचा एक ठरलेला हिस्सा या बंधाऱ्यापर्यंत आला पाहिजे, आणि त्याची तरतूद सिंहस्थ उरकल्यावर नव्हे, याच आराखड्यात हवी.