सिंधूचे भांडण दरवाजांपाशी का अडते

1 एप्रिल 1948 रोजी पूर्व पंजाबाने पाकिस्तानात जाणाऱ्या काही कालव्यांचे पाणी तोडले. फाळणीत रावीवरचे माधोपूर आणि सतलजवरचे फिरोजपूर ही कालव्यांची मुखे भारतात राहिली, पण त्या पाण्यावर भिजणारी बरीचशी जमीन पलीकडे गेली. ‘आहे तसे चालू द्या’ एवढाच तात्पुरता करार झाला होता. त्याची मुदत 31 मार्चला संपली आणि नवा करार नव्हता. मे महिन्यात दिल्लीत समझोता होऊन पाणी सुटले. पाकिस्तानने घेतलेला धसका मात्र कायम राहिला. पुढच्या कराराची कलमे वाचताना तो पदोपदी जाणवतो.

सिंधूचे सारे खोरे दोन्ही देशांनी मिळून चालवावे, असे अमेरिकी तज्ज्ञ डेव्हिड लिलिएन्थाल यांनी 1951 मध्ये सुचवले. जागतिक बँकेने मध्यस्थी पत्करली, पण एकत्र नांदायला कोणीच तयार नव्हते. अखेर बँकेने नद्याच वाटून टाकायचा तोडगा काढला आणि 19 सप्टेंबर 1960 रोजी कराचीत नेहरू व अयुब खान यांनी सह्या केल्या.

आपल्याकडे बच्छावत लवादाने कृष्णेचे पाणी टीएमसीत (अब्ज घनफुटांत) मोजून वाटले : महाराष्ट्राला 560, कर्नाटकाला 700, आंध्राला 800. सिंधू खोऱ्यात मोजमापाची कटकटच नको म्हणून रावी, बियास, सतलज भारताला आणि सिंधू, झेलम, चिनाब पाकिस्तानला दिल्या. पाण्याचा सुमारे चार पंचमांश भाग पाकिस्तानकडे गेला. पूर्वेच्या नद्यांवरची त्यांची शेती पश्चिमेच्या पाण्यावर आणण्यासाठी जोडकालवे खणावे लागले, मंगला धरण बांधावे लागले. त्या खर्चापोटी भारताने सहा कोटी पौंडांहून अधिक रक्कम दहा हप्त्यांत दिली.

पण पश्चिमेच्या नद्या आधी भारताच्या ताब्यातील प्रदेशातून वाहतात. तिथे भारताने वीज करावी, पाणी मात्र अडवून धरू नये, असे ठरले. ‘अडवणे’ ठरवायचे कसे? इथे करार थेट धरणाच्या भिंतीपर्यंत येतो. सांडव्याचे दरवाजे शक्य तितके उंचावर हवेत; तळाचे दरवाजे गाळासाठी अगदीच गरजेचे असले तरच, तेही लहानात लहान. कारण तळाला मोठा दरवाजा असला की जलाशय रिकामा करता येतो आणि पुन्हा भरताना खालचा प्रवाह रोखता येतो. पेरणीच्या ऐन दिवसांत हे झाले तर? 1948 ची भीती ती हीच. इकडे अभियंत्याला तोच दरवाजा मोरीसारखा लागतो. हिमालयातल्या नद्या अफाट गाळ आणतात. तळातून तो काढला नाही तर जलाशय भरून जातो.

चिनाबवरच्या सलाल धरणाचे नेमके तसे झाले. 1978 च्या समझोत्यात भारताने तळाचे दरवाजे कायमचे बुजवायला मान्यता दिली आणि जलाशय गाळाने भरला. शेजारधर्म म्हणून ते ठीक असेल, अभियांत्रिकी म्हणून नव्हे.

चिनाबवरच्याच बगलिहार धरणाच्या वेळी म्हणूनच भारताने माघार घेतली नाही. तटस्थ तज्ज्ञ रेमंड लाफित यांनी 2007 मध्ये किरकोळ बदल सुचवून भारताचा आराखडा बहुतांशी उचलून धरला. गाळाविषयीचे आजचे ज्ञान लक्षात घेऊन करार वाचावा, असा त्यांचा रोख होता. सहा वर्षांनी किशनगंगा प्रकल्पाच्या खटल्यात लवाद न्यायालयाने उलट सांगितले : गाळ धुण्यासाठी जलाशयाची पातळी ठरावीक मर्यादेखाली उतरवता येणार नाही. एकच करार, दोन वाचने. पुढचा वाद तज्ज्ञाकडे न्यायचा की न्यायालयाकडे, यावरही भांडण झाले आणि 2022 मध्ये बँकेने दोन्ही वाटा एकदम खुल्या केल्या!

पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर 23 एप्रिल 2025 रोजी भारताने करार स्थगित केला. त्याने चिनाब लगेच थांबत नाही. एवढे पाणी साठवायला तिथे जागाच नाही. पण प्रवाहाची आकडेवारी कळवण्याचे आणि दरवाजे कधी, किती उघडायचे याचे बंधन भारत आता मानत नाही. मे महिन्यातच सलाल आणि बगलिहारमधून गाळ धुऊन काढल्याच्या बातम्या आल्या.