‘अमंग अस’: गद्दार ओळखायचा कसा आणि निर्दोषाला वाचवायचं कसं?

घरातली मुलं एकमेकांना ‘तू सस आहेस’ म्हणू लागली असतील, तर तो शब्द बहुधा ‘अमंग अस’ या मोबाईल गेममुळे त्यांच्या तोंडी बसला आहे. सस म्हणजे संशयास्पद. आम्हा शिक्षकांना पालक विचारतात, “सर, यात खोटं बोलणंच शिकवतात ना? मग खेळू द्यायचं का?” हो किंवा नाही म्हणण्याआधी खेळ चालतो कसा, ते पाहू.

कल्पना काही नवी नाही. चिठ्ठ्या टाकून राजा-मंत्री-चोर-शिपाई आपण सगळेच खेळलो आहोत. १९८६ मध्ये मॉस्को स्टेट विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात दिमित्री डेव्हिडॉफ यांनी ‘माफिया’ हा खेळ रचला. थोड्यांना सगळं ठाऊक, पुष्कळांना काहीच ठाऊक नाही, हे त्याचं मूळ. तेच सूत्र घेऊन इनरस्लॉथ या छोट्याशा अमेरिकन कंपनीने जून २०१८ मध्ये ‘अमंग अस’ आणला. दोन वर्षं त्याला फारसं कुणी विचारलं नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मात्र तो जगभर पसरला.

दहा खेळाडू एका अंतराळयानात आहेत असं समजा. आठ जण प्रामाणिक कर्मचारी, दोन गद्दार. कर्मचाऱ्यांनी नेमून दिलेली कामं पुरी करायची, गद्दारांनी त्यांना गुपचूप संपवायचं. कुणाला मृतदेह दिसला की बैठक होते, चर्चा होते, मतदान होतं. ज्याला सर्वाधिक मतं तो यानाबाहेर. गद्दारांची संख्या उरलेल्या कर्मचाऱ्यांइतकी झाली की गद्दार जिंकले.

इथे थोडं गणित करू. आठ कर्मचाऱ्यांपैकी दोघं मारले गेले, उरले सहा. बैठकीत घाईने एका निर्दोषाला बाहेर काढलं, उरले पाच. आणखी दोघं मेले, तीन. पुन्हा निर्दोषच बाहेर गेला, उरले दोन. गद्दारही दोन. खेळ खलास! म्हणजे दोनच चुकीचे निर्णय पुरतात. आणि सुरुवातीला कर्मचाऱ्यासमोरच्या नऊ जणांपैकी सात निर्दोष असतात, त्यामुळे अंदाजाने बोट दाखवलं तर ते चुकण्याचीच शक्यता जास्त. म्हणून पुरावा नसेल तेव्हा ‘स्किप’चं बटण दाबणं, म्हणजे कुणालाच मत न देणं, हा भित्रेपणा नसून बहुतेकदा शहाणपणाची चाल असते. उर्दूत ज्याला आपण बदगुमानी म्हणतो, ती या खेळात थेट गद्दारांच्या फायद्याची ठरते.

मग पुरावा कुठून आणायचा? ‘तूच आहेस’ असं ओरडण्यापेक्षा चांगला खेळाडू विचारतो: कुठे होतास? कुठलं काम करत होतास? वाटेत कोण दिसलं? पडद्यावर वर कामांची पट्टी असते, ती काम पूर्ण झालं की पुढे सरकते. कुणी यंत्रासमोर नुसताच उभा राहून निघाला आणि पट्टी हलली नाही, तर शंकेला जागा आहे. (ही पट्टी सतत दाखवायची की नाही, हे खोली उघडणारा ठरवतो.) मेडबे या खोलीतली शारीरिक तपासणी इतरांना दिसते, गद्दाराला तिची नक्कल करता येत नाही. मुरलेला गद्दार मात्र नव्वद टक्के खरंच सांगतो, फक्त एक गोष्ट लपवतो. कधी तर मारलेल्याची खबर स्वतःच देतो.

आम्हाला खटकते ती एक गोष्ट वेगळीच आहे. जो मुलगा गप्प बसतो, त्यालाच बहुतेक वेळा पहिल्यांदा बाहेर काढतात. लाजरी मुलं, टाईप करायला वेळ लागणारी मुलं, भाषेला अडखळणारी मुलं, सगळी यात सापडतात. शांत असणं हा पुरावा नाही, हे घरात मोठ्यांनी मुद्दाम सांगायला हवं.

खोटं बोलण्याचा प्रश्न उरला. गद्दाराची भूमिका सगळ्यांना मान्य असते, नाटकातल्या खलनायकासारखी. पण आपल्या घरांतली मुलं वाचण्यासाठी पटकन ‘अल्लाह की कसम, मैं नहीं हूँ’ म्हणतात. तिथे खेळ संपतो आणि खरीखुरी कसम सुरू होते. गद्दार झालेलं पोर मग पेचात पडतं. म्हणून खेळात कसम घ्यायची नाही, कुणाकडून मागायचीही नाही, हा नियम आधीच ठरवा.

मुलं यात एवढी रमतात का? जुन्या ‘माफिया’त बाद झालेला बिचारा कोपऱ्यात बसून बघत राहायचा. इथे मेलेला कर्मचारी भूत होऊन आपली कामं पुरी करू शकतो आणि त्या कामांनी त्याचा संघ जिंकूही शकतो. शिवाय डाव छोटा, आणि दर डावाला भूमिका बदलते. त्यामुळे ‘अम्मी, बस एक और’ संपता संपत नाही. वेळेपेक्षा डावांची संख्या ठरवून द्या, अर्धवट डाव सोडायला लावलं की भांडण होतं.

अनोळखी लोकांच्या खुल्या खोल्यांत लहानांना पाठवू नये. खासगी खोलीचा कोड फक्त भावंडं आणि ओळखीच्या मित्रांना द्यावा. चर्चेची आणि मतदानाची वेळही खोली उघडणाराच ठरवतो. ती थोडी वाढवून ठेवा, म्हणजे हळू टाईप करणाऱ्यालाही आपली बाजू मांडता येईल.