आधी कोपरांची जागा, मग हँडल

२३ जुलै १९८९. टूर दि फ्रान्सचा अखेरचा टप्पा, व्हर्साय ते पॅरिस, २४.५ किलोमीटर. पन्नास सेकंदांनी मागे असलेला ग्रेग लेमाँड पुढे काढलेल्या हँडलवर कोपरे टेकवून धावला आणि अवघ्या ८ सेकंदांनी शर्यत जिंकला. ते हँडल ट्रायथलॉनपटूंनी त्याआधीच आपलेसे केले होते. त्यांच्या बहुतेक लांब शर्यतींत दुसऱ्याच्या आडोशाने जाण्यास मनाई असते. वारा एकट्यानेच झेलावा लागतो.

पनवेलहून खोपोलीकडे पहाटे सराव करणाऱ्याने आपल्या मापाची सायकल बांधून घेताना मात्र पहिला प्रश्न शरीराचा विचारावा. वाऱ्याचा बहुतांश अडथळा सायकलीमुळे नव्हे, स्वाराच्या देहामुळेच होतो. म्हणून नळीच्या आकाराहून कोपरांखालच्या गाद्यांची उंची व त्यांतील अंतर महत्त्वाचे. गाद्या फार खाली गेल्या की मान आखडते, श्वास अपुरा पडतो. आणि गोव्यातील 'आयर्नमॅन ७०.३' मध्ये ९० किलोमीटर सायकलीनंतर २१.१ किलोमीटर धावायचे असते. तीन तास निभेल अशी बैठक आधी ठरवावी, फ्रेमची मापे मग.

एकसंध हँडल देखणे खरे. पण केबल आतून गेल्या की माप बदलणे जिकिरीचे. शिवाय पुढच्या दांड्यांच्या टोकांशी गिअर असतात, ब्रेक बाजूच्या मुठींवर. पळस्पे फाट्यावरील अवजड वाहनांत तेवढे अंतरही फार! तेथे हात ब्रेकवरच हवेत. नवख्याने नेहमीच्या वळणदार हँडलवर काढता-घालता येणाऱ्या दांड्या बसवाव्यात. गाद्या हव्या तशा सरकवता येतात, आणि चुकलेल्या मापासाठी सारे हँडल बदलावे लागत नाही.