खेळ, उपचार आणि 'नको' म्हणण्याचा हक्क

शाळेच्या क्रीडादिनाचे एक दृश्य आपल्या ओळखीचे आहे. मैदानावर धावण्याची शर्यत चालू आहे. कुबड्या घेऊन चालणारा एक मुलगा कडेला खुर्चीवर बसला आहे आणि त्याच्या हाती गुणतक्ता दिलेला आहे. 'त्यालाही सामील करून घेतले' असे आपण समाधानाने म्हणतो. त्याला काय खेळायला आवडले असते, हे बहुधा कोणी विचारलेले नसते. हा न विचारलेला प्रश्न एका व्यवसायाच्या नीतिनियमांच्या मुळाशी आहे. तो व्यवसाय म्हणजे मनोरंजनोपचार.

खेळ, पोहणे, बागकाम, संगीत, चित्रकला अशा आनंदाच्या गोष्टींचा हेतुपूर्वक उपयोग करून अपंग किंवा आजारी व्यक्तीची ताकद, तोल, आत्मविश्वास आणि लोकांत मिसळण्याची सवय वाढवायची, याला मनोरंजनोपचार म्हणतात. नुसता वेळ घालवणे आणि उपचार यांत फरक आहे. उपचारात आधी व्यक्तीची पाहणी होते, उद्दिष्ट ठरते, प्रगतीची नोंद होते आणि गरज पडल्यास योजना बदलते.

या विचाराचा एक मोठा प्रयोग इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात झाला. नाझी जर्मनीतून आलेले मज्जासंस्थातज्ज्ञ लुडविग गुटमान यांनी तेथे १९४४ साली पाठीच्या कण्याला इजा झालेल्या रुग्णांचा विभाग सुरू केला. त्या काळी असे बहुतेक रुग्ण शय्याव्रण व मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग यांमुळे थोड्याच काळात दगावत. गुटमान यांनी त्यांची कूस नियमाने बदलण्याची व्यवस्था केली आणि त्यांना खेळायलाही लावले. १९४८ साली लंडनमध्ये ऑलिंपिक सुरू झाले, त्याच दिवशी रुग्णालयाच्या हिरवळीवर १६ जणांची धनुर्विद्येची स्पर्धा झाली. पुढे १९६० साली रोमला झालेली स्पर्धा ही पहिली पॅरालिंपिक मानली जाते. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे सैन्यातले मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात ते जखमी झाले, पुढे पोहण्याकडे वळले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवले.

आता अडचणीचा भाग पाहू. ज्या खेळाचा औषधासारखा परिणाम होतो, त्याने औषधासारखा अपायही होऊ शकतो. स्टोक मँडेव्हिलमध्ये सुरुवातीला चाकाच्या खुर्च्यांवरून पोलो खेळत. तो फार धसमुसळा ठरला, म्हणून बंद करावा लागला. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधील बंध सैल असतात. डॉक्टरांचा सल्ला न घेता अशा मुलाला कोलांटी मारायला लावली, तर मज्जारज्जूला इजा होऊ शकते. मज्जारज्जूला वरच्या भागात इजा झालेल्या व्यक्तीला त्याखालच्या शरीरावर पुरेसा घाम येत नाही, त्यामुळे उन्हात तिचे शरीर लवकर तापते. म्हणून 'जे आपल्याला येत नाही ते करू नये' हा या व्यवसायाचा पहिला धडा आहे. नुसती सदिच्छा पुरत नाही.

पण अपायाची भीती दाखवून सगळेच बंद करणे हीसुद्धा चूकच. रॉबर्ट पर्स्की यांनी १९७२ साली 'धोका पत्करण्याची प्रतिष्ठा' ही कल्पना मांडली. पडण्याची, हरण्याची, चुकण्याची संधी माणसाकडून काढून घेतली, तर त्याचे माणूसपणही आपण थोडे काढून घेतो, असा तिचा आशय आहे. धोका किती, हे तपासायचे, तो समजेल अशा भाषेत सांगायचा आणि निर्णयात त्या व्यक्तीला वाटा द्यायचा. मूल लहान असेल तर पालकांची संमती लागतेच. तरीही मुलाचा होकार वेगळा विचारायला हवा. बोलता न येणारे मूलसुद्धा नजरेने, हाताने किंवा तोंड फिरवून आपले मत सांगत असते.

आणि त्याने 'नको' म्हटले तर? येथे खरी कसोटी लागते. गोळी मनाविरुद्ध गिळली तरी तिचा परिणाम होतो. खेळाचे तसे नाही. मनाविरुद्ध खेळलेला खेळ हा खेळच राहत नाही, ती कवायत होते. पण पहिल्याच नकारावर त्याला सोडून देणेही कर्तव्याला धरून नाही. 'नको'मागे वेदना असेल, भीती असेल, चारचौघांची लाज असेल किंवा साधी नावडही असेल. कारण शोधायचे, दोन-तीन पर्याय पुढे ठेवायचे आणि शेवटी नकार खरा असेल तर तो मानायचा.

बाकीचे नियम यातूनच निघतात. खेळताना मुलाने मनातले काही सांगितले, तर ते शिक्षकांच्या खोलीत चर्चेचा विषय होऊ नये. मात्र त्याच्या जिवाला धोका दिसला, तर योग्य व्यक्तीला सांगावेच लागते. देणगी मिळावी म्हणून त्याचा केविलवाणा फोटो न विचारता छापू नये. त्याला खोटे जिंकवू नये, कारण मुलांना ते कळते.

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारातील तिसाव्या कलमाने करमणूक आणि खेळ यांत भाग घेणे हा हक्क मानला आहे. भारताने तो करार २००७ साली मान्य केला. म्हणजे मैदान ही आपण दाखवायची दया नव्हे.

आपण शिक्षक काही उपचारतज्ज्ञ नाही, आणि तसा आव आणूही नये. पण पुढच्या क्रीडादिनाआधी आठवडाभर त्या मुलाशेजारी बसून एवढे विचारणे आपल्या हाती आहे : 'तुला काय खेळायचे आहे? ते जमावे म्हणून नियमांत काय बदलू या?' गुणतक्ताच लिहायचा आहे, असे तो म्हणाला, तर तोही त्याचा खेळ. फक्त या वेळी तो त्याने निवडलेला असेल.