विश्लेषण : जेरुसलेमला निघालेल्यांनी कॉन्स्टँटिनोपल का लुटले?

चौथ्या धर्मयुद्धाचे सैनिक निघाले जेरुसलेम सोडवायला. एप्रिल १२०४ मध्ये त्यांनी लुटली ती बायझंटाईन साम्राज्याची ख्रिस्ती राजधानी. दोन चर्चमधला दुरावा जुनाच. ११८२ मध्ये याच शहरात लॅटिन रहिवाशांची कत्तल झाली होती. पण खरा तिढा पैशांचा. व्हेनिसशी ३३,५०० जणांच्या वाहतुकीचा करार ८५ हजार मार्कांना झाला. आले जेमतेम एक तृतीयांश. कर्ज अंगावर आले. तेव्हा पदच्युत सम्राटाचा मुलगा अलेक्सियस याने गादीच्या बदल्यात २ लाख मार्क कबूल केले. गादी मिळाली, पण पूर्ण रक्कम काही भरता आली नाही. दरबारी बंडात त्याचा खून झाला, नव्या सम्राटाने हात वर केले. मग वसुली झाली ती तीन दिवसांच्या लुटीने. तिथले चार धातूचे घोडे आजही व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चमध्ये आहेत.