ढापे काढण्याआधी

तुळापूरच्या संगमावर इंद्रायणी भीमेला मिळते, ती पिंपरी-चिंचवडच्या सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी घेऊनच. पावसाळा सरला की भीमेवरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना ढापे बसतात. पाणी तुंबते, वढू बुद्रुक–कोरेगाव भीमा पट्ट्यातल्या उसाला मिळते, आणि तेच संथ पाणी जलपर्णीलाही मानवते. एक झाड उचलून पाहिले तर देठाचा फुगीर, स्पंजासारखा भाग हाताला लागतो. खाली पिसासारखी काळपट मुळे, त्यांत अडकलेला गाळ, आणि बाजूला आडव्या धुमाऱ्याच्या टोकाला पिल्लू. या झाडाच्या वजनात ९० टक्क्यांहून अधिक पाणीच असते, म्हणजे ट्रॉल्या भरभरून वाहिले जाते ते मुख्यतः पाणी. काठावर उभ्या जेसीबीचा हात नदीच्या मध्यापर्यंत पोचत नाही. जिथे पोचतो तिथे धुमारे तुटतात आणि सुटलेली पिल्ले खाली वाहत जाऊन नवा संसार थाटतात. काढलेला ढीग काठावरच राहिला तर पहिल्या पुरात पुन्हा नदीत.

अनुकूल पाण्यात जलपर्णी साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. सोळा भागांपैकी पंधरा काढले आणि एक राहिला, तर आठ आठवड्यांत नदी पुन्हा झाकली जाते. म्हणून ‘किती टन काढली’ हा हिशेब मला फसवा वाटतो. किती उरली आणि वरून किती येते, हे विचारायला हवे. हाच हिशेब दुसरीकडे कसा केला गेला ते पाहू: स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या हेब्रिडीज बेटांवर फरसाठी पाळलेले अमेरिकन मिंक सुटले आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी-पिल्ले फस्त करू लागले. २००१ साली मोहीम सुरू झाली, ती सगळीकडे एकदम नव्हे. आधी दक्षिणेकडची युइस्ट बेटे आणि हॅरिसचा दक्षिण भाग, मग उरलेले हॅरिस आणि लुईस. मोकळी केलेली जागा पुन्हा भरू नये, हा त्यामागचा हिशेब. तरीही शेवटचे मोजके मिंक शोधण्यात वर्षे गेली.

‘ते बेट, ही नदी, इथे वरून रोजच येणार,’ हा आक्षेप बरोबर आहे, पण त्यातूनच कामाचा क्रम ठरतो. सुरुवात वरून, इंद्रायणीपासून, व्हायला हवी आणि वेळ हिवाळ्याची, झाडे विरळ असताना. बंधाऱ्यामागे जलपर्णी आपोआप गोळा होते, म्हणजे पकडायची जागा आयतीच मिळते. ढापे काढायच्या आधी ती उचलली नाही, तर एका गावाचा प्रश्न खालच्या गावाकडे आणि शेवटी उजनी धरणाकडे जातो. अडचण अशी की इथे नदी हीच तालुक्याची हद्द आहे: तुळापूर हवेलीत, वढू शिरूरमध्ये. वरच्या अंगाला महापालिका. जलपर्णीला हद्द माहीत नाही, निविदेला मात्र आहे.

सांडपाणी थांबवले तर हे सगळे कशाला, असेही म्हणतात. मूळ कारण तेच, यात वाद नाही. पण बी गाळात पंधरा-वीस वर्षे तग धरते, आणि शुद्धीकरण प्रकल्प पुरे होईपर्यंत मासे थांबत नाहीत. दाट थराखाली उजेड जात नाही, प्राणवायू घटतो. मरळ वर येऊन हवा घेते; मूळची आफ्रिकेतली, १९५२ साली भारतात आणलेली चिलापीही कमी प्राणवायूत निभावते. नदीतले बाकीचे बरेच मासे हरतात. म्हणजे एक परका दुसऱ्या परक्याला जागा करून देतो. जलपर्णी पाणी शुद्ध करते, हा युक्तिवाद अर्धाच खरा: ती नत्र-स्फुरद आणि जड धातू ओढते, पण वेळेवर काढली नाही तर कुजून बरेचसे परत देते. औद्योगिक पट्ट्यातल्या जलपर्णीचे खत शेतात टाकण्याआधी धातूंची तपासणी हवी, तीही याच कारणाने. उरतात जलपर्णी आटोक्यात ठेवण्यासाठी १९८०च्या दशकात बंगळुरूला आणलेले भुंगे. ते पाने खातात, पण त्यांना वर्षानुवर्षे जम बसवायला स्थिर साठा लागतो. दर पावसाळ्यात पुराने धुऊन निघणाऱ्या भीमेत त्यांच्यावर विसंबता येणार नाही. उजनीच्या फुगवट्यातल्या एखाद्या शांत खाडीत ते सोडून पाहणे जास्त शहाणपणाचे.